नमुना क-सात

नानांनी चौतीस वर्षं गंज खरवडला
प्रतापनगरच्या वर्कशॉपात,
डभोईच्या अरुंद रुळांवरून येणाऱ्या डब्यांच्या पोटाखाली
उताणं पडून.
संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल तांबूस.
आई म्हणायची, तुमच्या भातालाही लोखंडाची चव येते.

आणि मी गंज बनवते.

सयाजीगंजच्या प्रयोगशाळेत, बंद फ्लास्कमध्ये,
ऐंशी अंशांवर, थेंब थेंब अमोनिया.
नारिंगी पाणी एका श्वासात काळं होतं.
बाहेरून चुंबक धरला
की सगळी काळोखी मुकाट एका बाजूला सरकते,
काच स्वच्छ.

नाना एकदा माझा विसरलेला डबा द्यायला आले,
बघत राहिले.
"आम्ही काढायचो, ते तू पगार घेऊन घालतेस?"
जिगीषा हसली. मीही.
मग सांगितलं: हा गंज बारीक आहे, नाना,
केसाच्या रुंदीत पाच हजार कण शेजारी शेजारी झोपतील.
त्यांना प्रतिपिंडाचा आकडा लावला
की आजाराची खूण जिथं असेल तिथंच ते अडकतात,
पेरॉक्साइड फोडतात,
रंग निळा करतात.
शरीरातल्या विकरासारखंच काम, फक्त लोखंडानं केलेलं.
आणि स्वतः झिजत नाही हं तो.
होता तसाच बाहेर येतो.

नानांनी आपले पंजे उलटेसुलटे करून पाहिले.
"असं," म्हणाले.
डबा ठेवला, गेले.

फेब्रुवारीत निरोगी नमुने कमी पडले.
साठीपुढचे पुरुष, तक्रार नसलेले, सही द्यायला तयार.
चार मकरपुऱ्याचे मिळाले, दोन जिगीषाच्या सोसायटीतले.
सातवे नाना.
त्यांनी फॉर्मवर सही गुजरातीत केली, तारीख मराठीत,
आणि बाटली हातात धरून विचारलं,
"भरून देऊ की थोडं?"
नाव झाकून मीच लिहिलं: क-सात.
क म्हणजे काही नसलेला.

पट्ट्या सुकल्या.
एक ते सहा पांढऱ्या.
सातवी निळी.
फिकट नव्हे. आई रविवारी नानांच्या सदऱ्याला द्यायची
त्या निळीसारखी,
कडेला जरा जास्त साचलेली.

मी कागदाला दोष दिला. मग पाण्याला.
मग कणांना: शिळे असतील, काही चिकटलं असेल.
रात्री अकरापर्यंत थांबून नवे बनवले.
पुन्हा निळी.
तिसऱ्या वेळी जिगीषाला करायला लावली,
सात म्हणजे कोण ते न सांगता.
तिनं पट्टी उजेडाला धरली
आणि म्हणाली, "वा! काय मस्त रंग आलाय!"

आमच्या पट्टीला अजून
कुणालाही आजारी म्हणायची परवानगी नाही.
तरी दुसऱ्या दिवशी नानांना स्कूटरवर मागं बसवलं.
विश्वामित्रीच्या पुलावर ते म्हणाले,
"मगर बघ, ऊन खातेय."
मला दिसली नाही.
दवाखान्यात सुईनं तुकडा काढला.
आठ दिवसांनी आलेला अहवाल
पट्टीशी सहमत होता.

शेजारच्या खोलीत
तसलेच कण गाठीत सोडून
गाठीतलंच पेरॉक्साइड तिच्यावर उलटवायचं काम चालू आहे.
उंदीर बरे होतात.
काही उंदीर.
"मग?" नाना विचारतात.
माणसांपर्यंत यायला वेळ आहे.
"किती?"
उंदीर दोन वर्षं जगतो, नाना,
मी म्हणाले.
हे काही उत्तर नव्हतं.
त्यांनीही ते धरून ठेवलं नाही.

आता दर तीन महिन्यांनी इंजेक्शन,
जुन्याच पद्धतीचं, चालू असलेलं.
परवा त्यांनी एक कुपी मागितली.
घट्ट बूच लावून दिली.
दुपारभर खिडकीत बसून
फ्रिजवरच्या चुंबकानं ते काळं इकडून तिकडं नेतात,
हळू, कोपऱ्यापर्यंत, परत.
जेवायला हाक मारली
तर मान न वळवता म्हणाले,
"थांब गं.
एवढा डबा जोडून येतो."